बर्फात जंतू मरतात का?

दादर-गिरगावातून बालीला जाणारी मंडळी बाटलीबंद पाणी कटाक्षाने घेतात. सरबतात बर्फ मात्र बिनधास्त घालून घेतात. गोठल्यावर जंतू मरतात, असा समज असतो. प्रवासी अतिसार (दूषित अन्नपाण्यामुळे प्रवासात होणारे जुलाब) बहुतेकदा ई. कोलायसारख्या जिवाणूंमुळे होतो आणि गोठवल्याने ते सगळे मरत नाहीत. फ्रिजमधलं इडलीचं पीठ फुगायचं थांबतं, बाहेर काढलं की पुन्हा फुगतं, तसंच हे. पाणी जितकं शुद्ध, तितकाच त्याचा बर्फ शुद्ध. न खाण्याचा बर्फ निळसर हवा, असा नियम महाराष्ट्रात 2018 पासून आहे. परदेशात तशी खूण असेलच असं नाही. दारूने बर्फातले जंतू मरतात, हाही (सोयीचा) गैरसमजच.