वाळवी, औषधवाला आणि त्याचे लायसन्स

कुरआन शरीफच्या सूरह सबामध्ये हजरत सुलैमान (अ.स.) यांच्या वफातीचा प्रसंग आला आहे. ते काठीला टेकून उभे होते, जिन्नात समोर काम करीत राहिले आणि जमिनीतल्या एका क्षुद्र किड्याने ती काठी आतून खाल्ली तेव्हाच खरी गोष्ट सर्वांना कळली. उर्दूत ज्याला आपण दीमक म्हणतो तीच मराठीतली वाळवी. तिची चाल आजही तीच आहे. वरून सर्व काही ठीक दिसते, आतून माल संपलेला असतो.

हे लिहिण्यास कारणही तसेच घडले. माझा धंदा कापडाचा. पावसाळा संपल्यावर दुकानातील मागच्या भिंतीची मांडणी हलविली तेव्हा तळाच्या फळीवरील सुती कापडाचे तागे हातात भुग्यासारखे आले. वरचे तागे पॉलिएस्टरचे होते, त्यांना वाळवीने हात लावला नव्हता. आदल्या वर्षीच एका माणसाकडून औषध मारून घेतले होते. त्याने पंप पाठीवर घेऊन भिंतीच्या कडेने वास येणारे पाणी फवारले, पैसे घेतले आणि तो निघून गेला. पावती मी मागितली नाही, त्याने दिली नाही. तक्रार करायला गेलो तर फोन बंद. आगीच्या विम्यात वाळवीचे नुकसान सहसा बसत नाही, हेही तेव्हाच कळले. नुकसान माझे झाले, पण त्यातून जे शिकलो ते इतर बांधवांच्या उपयोगी पडावे या हेतूने हा लेख.

वाळवी येते कोठून?

अंजनवेल गाव वाशिष्ठीच्या मुखाशी. एका बाजूला खाडी, समोर दाभोळ, माथ्यावर गोपाळगड. पावसाळ्यात चार महिने भिंती ओल्या आणि जमीन जांभ्याची. वाळवीचे घर जमिनीत असते. तिला ओल लागते आणि लाकूड, कागद, सुती कापड यांतील तंतूवर ती जगते. उघड्यावर ती टिकत नाही, म्हणून भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या करून आतून ये-जा करते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. भिंतीवर वरवर फवारा मारून दिसणारी वाळवी मरते, जमिनीतील घर तसेच राहते. औषध पायाच्या मातीत गेले पाहिजे.

कापडवाल्यांनी आणखी दोन शत्रू ओळखून ठेवावेत. कांजी केलेल्या सुती कापडाला आणि वहीखात्यांना कसर लागते. लोकरीच्या शाली, रग, गालिचे यांना पतंगाच्या अळ्या खातात. या दोन्हींसाठी जमिनीत औषध घालण्याचे कारण नाही. माल हलविणे, ऊन दाखविणे, फळ्या पुसून कोरड्या ठेवणे याने बरेच काम होते. वाळवीचा इलाज कसरीसाठी विकणारा माणूस एकतर अडाणी आहे, नाहीतर लबाड आहे.

लायसन्स कोणाला मिळते?

पैसे घेऊन कीटकनाशक मारण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. यासाठी 1968 चा कीटकनाशक कायदा आणि 1971 चे नियम आहेत. परवाना राज्याच्या कृषी विभागाचा परवाना अधिकारी देतो. पुष्कळ लोक ग्रामपंचायतीचा दाखला किंवा दुकान नोंदणीचा कागद दाखवितात. तो धंद्याचा कागद झाला, औषध मारण्याचा परवाना नव्हे.

परवान्यासाठी शिक्षणाचीही अट आहे. शेतीची पदवी, किंवा रसायनशास्त्र विषय घेऊन विज्ञानाची पदवी, आणि त्यावर मान्य संस्थेतील किमान 15 दिवसांच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र. म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, हैदराबादची वनस्पती संरक्षणाची राष्ट्रीय संस्था आणि हापूडची धान्य साठवण संस्था ही त्यासाठीची नावे आहेत. म्हणून औषधवाला आला की आधी परवाना पाहावा, त्यावरचे नाव आणि पत्ता वाचावा, नंतर चहा विचारावा.

खर्चाचा हिसाब

दुसऱ्यांदा काम करून घेताना मी दोघांकडून भाव घेतला. दुकान एकच, तीनशे चौरस फुटांचे. एकाने 2,200 रुपये सांगितले, दुसऱ्याने 3,900. व्यापारी माणूस साहजिकच स्वस्ताकडे वळतो. परंतु येथे भाव विचारण्यापूर्वी माप विचारले पाहिजे.

बांधून झालेल्या इमारतीत वाळवीचे काम कसे करावे याचे भारतीय मानक आहे, क्रमांक 6313, भाग 3. भिंत आणि जमीन जेथे मिळते तेथे साधारण 30 सेंटिमीटर, म्हणजे एक फूट अंतरावर, 12 मिलिमीटरची भोके मातीपर्यंत पाडायची, प्रत्येक भोकात माती पिईल तितके, जास्तीत जास्त एक लिटर, औषधाचे पाणी सोडायचे आणि भोक सिमेंटने बंद करायचे.

आता माझे दुकान घ्या. लांबी 20 फूट, रुंदी 15 फूट, म्हणजे चारी भिंती मिळून 70 फूट. भोके 70, पाणी 70 लिटरपर्यंत. इमारतीतील वाळवीसाठी 30.5 टक्क्यांचे इमिडाक्लोप्रिड वापरतात, त्याचे प्रमाण लिटरला 2.1 मिलिलिटर. म्हणजे 70 लिटरला 147 मिलिलिटर औषध लागले. आता जो माणूस पंधरा लिटरचा एक पंप घेऊन येतो आणि अर्ध्या तासात काम संपवितो, त्याने कितीही कमी पैसे घेतले तरी तो महागच पडतो. ज्याने 2,200 सांगितले त्याला मी भोके किती पाडणार हे विचारले, तेव्हा तो म्हणाला, "भोकांची गरज नाही, शेठ." हिसाब तेथेच संपला.

कपड्याच्या मीटरमध्ये चार बोटे कमी मोजणाऱ्याला आपण काय म्हणतो? माप-तोल पुरा करण्याचा हुकूम औषधाच्या पाण्यालाही लागू आहे.

बिलाबाबतही एक सूचना. या सेवेवर 18 टक्के जीएसटी आहे. परंतु ज्याच्याकडे जीएसटी क्रमांक नाही त्याला तो घेता येत नाही. कच्च्या कागदावर जीएसटी लावून पैसे मागितले तर क्रमांक विचारावा.

बाटली कोणती?

बाटली आपल्यासमोर उघडली पाहिजे. तिच्यावर नोंदणी क्रमांक, मुदत आणि ते कशासाठी आहे हे छापलेले असते. आपल्याकडे आंब्याच्या तुडतुड्यांसाठी 17.8 टक्क्यांचे इमिडाक्लोप्रिड बागायतदारांकडे असते. नाव तेच, पण इमारतीच्या वाळवीसाठी नोंदलेले 30.5 टक्क्यांचे औषध वेगळे. बागेतील उरलेली बाटली दुकानात वापरणारे लोक आहेत. बाटलीवरील चौकोनातील रंगही पाहावा. लाल सर्वात जहरी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा.

जुन्या लोकांच्या तोंडी अजून आल्ड्रिनचे नाव आहे. त्यावर 1996 मध्ये बंदी आली. दुकानांतून सर्रास मारले जाणारे डायक्लोरव्हॉस 31 डिसेंबर 2020 पासून बंद आहे. कोणी जुना साठा आणून "हेच खरे औषध" म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवावे. धान्यातील किड्यांच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घरात किंवा गोदामात स्वतः कधीच ठेवू नयेत. त्यांचा वायू झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. ते काम परवानाधारक जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हायला हवे.

विहीर आणि खाडी

जांभा हा सच्छिद्र दगड. त्यात ओतलेले पाणी कोठे जाईल याचा भरवसा नाही. ज्यांची विहीर घराच्या पडवीपासून जवळ आहे त्यांनी हे आधीच सांगावे आणि त्या बाजूला औषध सोडू देऊ नये. मस्जिदीत काम करताना वुजूच्या हौदाची आणि विहिरीची हीच काळजी घ्यावी. रिकामे डबे आणि पंप खाडीत धुवू देऊ नयेत. या जातीची काही औषधे माशांना फार घातक असतात आणि त्याच खाडीवर आपल्या मच्छीमार भावांची रोजी आहे.

बंद घरे

आपल्या गावांतील कित्येक घरांचे मालक आखातात किंवा मुंबईत असतात. घर अकरा महिने बंद, एक महिना उघडे. वाळवीला याहून चांगली जागा नाही. सागाची दारे, फणसाचे वासे, कपाटातील जुने कागद आणि दीनी किताबे सर्व तिच्या हवाली. अशांनी किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला पावसाळ्यात महिन्यातून एकदा घर उघडून भिंतींचा तळ पाहायला सांगावे. किल्ली ही अमानत आहे, आणि अमानतीत नुसती किल्ली नव्हे तर घरही येते.

काम झाल्यावर पावती घ्यावी. तिच्यावर परवाना क्रमांक, औषधाचे नाव, किती लिटर पाणी, किती भोके आणि किती वर्षांची हमी हे लिहून घ्यावे. घरासाठी घेतलेल्या सेवेत फसवणूक झाली तर दोन वर्षांच्या आत रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तोंडी हमी तेथे चालत नाही, हे मी स्वतःच्या ताग्यांची किंमत मोजून शिकलो.

शेवटी तरुणांसाठी दोन शब्द. चिपळूण, रत्नागिरीला आपली मुले-मुली रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. होतात आणि नंतर नोकरीसाठी दलालाच्या दारात उभी राहतात. पंधरा दिवसांचे प्रशिक्षण, परवाना, एक ड्रिल मशीन आणि पंप, एवढ्या भांडवलावर हलाल रोजीचा हा धंदा गावातच उभा राहू शकतो. गिऱ्हाईक शोधण्याची गरज नाही, वाळवी ते रोज तयार करीत आहे. गरज आहे ती पुऱ्या मापाने काम करणाऱ्या माणसाची. असा कोणी पुढे आला तर इन्शाअल्लाह पहिले काम माझ्या दुकानाचे.