सफरचंदाची गाडी आणि बर्फातले टायर

काश्मीरचे सफरचंद आपल्याकडच्या बाजारात उतरवणारे बागवान बांधव दर, आडत आणि पेट्यांची प्रतवारी यांची बारकाईने चौकशी करतात. ज्या चाकांवर हा माल येणार, त्यांची चौकशी मात्र क्वचितच होते. पूर्वी सोपोर आणि शोपियानचा बहुतेक माल सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये निघून जात असे. पुलवामा जिल्ह्यात लासीपोऱ्याला शीतगृहे झाल्यामुळे आता भर हिवाळ्यातही गाड्या भरल्या जातात. शिवाय बर्फ काही पंचांग पाहून पडत नाही. २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षी तो नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात पडला आणि फळासकट झाडे मोडली. २०२१ पासून काझीगुंड-बनिहालच्या साडेआठ किलोमीटरच्या नव्या बोगद्यामुळे जुन्या जवाहर बोगद्याची चढण टळली हे खरे, पण बोगद्याच्या तोंडाशी रस्ता उघड्यावरच आहे.

बर्फावर गाडी घसरते ती रबरामुळे, हे पहिल्यांदा ध्यानात घ्यावे. आपले नेहमीचे टायर उष्ण प्रदेशासाठी बनलेले असतात. पारा साधारण सात अंशांच्या खाली गेला की त्यांचे रबर ताठर होऊ लागते आणि पकड कमी होते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते. त्याच्या ठोकळ्यांवर असंख्य बारीक चिरा असतात. त्या बर्फाला चावतात, आणि रुंद खाचांत दबलेला बर्फच खालच्या बर्फाला धरून ठेवतो. म्हणून ट्रकच्या मागच्या चाकांची जाड 'लग' नक्षी पाहून 'हा बर्फात चालेल' असे समजू नये. ती नक्षी चिखलात उपयोगी, पण रबर मात्र मैदानातलेच.

खरेदी करताना टायरच्या बाजूवरची खूण पाहावी. नुसते 'एम प्लस एस' म्हणजे चिखल आणि बर्फ, एवढे लिहिलेले पुरेसे नाही. ते कारखानदाराचे स्वतःचे म्हणणे असते. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असेल, तर तो टायर बर्फावरच्या चाचणीत उतरलेला असतो. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायर म्हणून हीच खूण लागते. त्याच बाजूला चार आकडे असतात. '३५२३' म्हणजे २०२३ सालचा पस्तिसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर दिसायला नवा असला, तरी त्याचे रबर कडक झालेले असते. खाचेची खोली चार मिलिमीटरच्या खाली गेली की बर्फासाठी तो टायर संपला. ऑस्ट्रियाचा कायदाही मोटारीसाठी हीच मर्यादा धरतो.

येथे टायरचा धंदा करणाऱ्या बांधवांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. कारखान्याने तशी सोय ठेवलेली नसताना, गुळगुळीत झालेल्या टायरात तापल्या पात्याने खाचा कोरून तो चांगला म्हणून विकला जातो. भिजलेले धान्य ढिगाखाली लपवणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी टोकल्याची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. हा टायर त्याच ढिगातला. घाटात तो फुटला, तर नुकसान केवळ पैशाचे होत नाही. रिमोल्डचे तसे नाही. चांगल्या सांगाड्यावर नीट केलेला रिमोल्ड मागे चालतो. पुढच्या चाकांना मात्र तो नकोच.

लहान गाडीला हिवाळी टायर बसवायचे तर चारही बसवावेत. खर्च वाचवण्यासाठी दोनच पुढे घातले, तर पुढचा भाग रस्ता धरतो आणि वळणावर मागचा भाग बाहेर फेकला जातो. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर तो पाहूनच चाक चढवावे. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

हवेकडे तर सर्रास दुर्लक्ष होते. पुण्यात तीस अंशांवर तेहतीस पौंड भरलेली हवा शून्य अंशावर पाच-एक पौंडांनी उतरते, आणि पंक्चर नसल्यामुळे चालकाला ते कळतही नाही. बर्फात पकड यावी म्हणून हवा मुद्दाम कमी करणारेही आहेत. भरल्या गाडीत असे केल्यास टायर तापतो आणि त्याच्या बाजू फाटतात. तेव्हा काश्मिरात पोचल्यावर, सकाळी गाडी हलवण्यापूर्वी, टायर थंड असताना हवा मोजून पुरी करावी.

आपल्या बाजारात हिवाळी टायर सहज मिळत नाहीत. जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरांच्या आयातीवर परवान्याचे बंधन घातले. ट्रकवाल्यांचा खरा आधार म्हणजे लोखंडी साखळी. तंगमर्ग-गुलमर्ग रस्त्यावर बर्फ पडल्यावर साखळीविना साध्या गाडीला पोलीस पुढे जाऊ देत नाहीत. साखळी टायरच्या मापाचीच घ्यावी आणि ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते त्यांनाच बांधावी. बर्फ लागण्यापूर्वी सपाट जागी थांबून ती चढवावी आणि थोडे अंतर गेल्यावर पुन्हा ताणून घ्यावी. वेग पन्नासच्या आतच ठेवावा. कोरडा रस्ता लागताच ती काढावी, नाहीतर साखळीही तुटते आणि टायरही कापला जातो. परतल्यावर ती धुऊन, वाळवून, तेलाचा हात फिरवून ठेवावी. गोणीत ओलीच गुंडाळून ठेवलेली साखळी पुढच्या हंगामात गंजलेली निघते.