अर्जात 'मी' लिहायला लाजू नका

गेल्या महिन्यात आमच्या भिलाईच्या घरी शेजारची एक मुलगी फॉर्म घेऊन आली. मुलगी म्हणायची माझी सवय, नाहीतर केंद्र सरकारच्या एका कार्यालयात ती वर्ग 1 ची अधिकारी आहे. तिच्या खात्याने नेतृत्व प्रशिक्षणासाठी अर्ज मागवले होते. अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि दिव्यांग यांची संख्या वरच्या पदांवर कमी, म्हणून त्यांना प्राधान्य होतं. फॉर्म भरून तयार होता, पण द्यावा की नाही हे ठरत नव्हतं.

"काका, साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, तुम्हाला काय, कोट्यातून होऊनच जाईल. मग वाटलं, देऊच नये."

आधी या टोमण्याचं बघू, कारण यापायीच कित्येक अर्ज टेबलाच्या खणात राहतात. प्रशिक्षणातली जागा म्हणजे बढती नव्हे. वर्गात बसायला मिळतं, एवढंच. पुढची निवड तुमच्या कामावर आणि अहवालावरच होते. आणि ही कल्पना काही आजची नाही. 26 मार्च 1970 चं केंद्र सरकारचं एक परिपत्रक आहे. वर्ग 1 च्या आत निवडीने होणाऱ्या बढत्यांना तेव्हा आरक्षण नव्हतं. म्हणून सरकारने सांगितलं की अनुसूचित जाती-जमातींच्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षणाची, परिसंवाद-परिषदांना जाण्याची जास्त संधी द्या. मसुरीची प्रशासन अकादमी, हैदराबादचं ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज अशा संस्थांचा त्यात उल्लेख आहे. त्याच परिपत्रकात पुढे आहे की या अधिकाऱ्यांचं काम सुधारावं म्हणून त्यांना सल्ला आणि मार्गदर्शन देणं ही त्यांच्या लगतच्या वरिष्ठाची विशेष जबाबदारी राहील.

म्हणजे जे साहेब टोमणा मारत होते, त्यांच्यावरच तिला शिकवून पुढे करण्याचं काम टाकलेलं होतं! हे ऐकून ती पहिल्यांदा हसली. शिवाय प्रत्येक मंत्रालयात आणि विभागात या प्रश्नांसाठी एक संपर्क अधिकारी नेमलेला असतो. तो कोण, हे तिला माहीत नव्हतं. तुमच्या कार्यालयात कोण आहे, उद्या विचारून घ्या.

आता फॉर्म. 'नेतृत्वाचा प्रसंग लिहा' या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'वरिष्ठांच्या मार्गदर्शनाखाली विभागाचे कामकाज सुरळीत पार पाडले.' हे वाक्य मी फौजेत शेकडो वेळा वाचलंय. जवानांमधून अधिकारी होण्यासाठी आर्मी कॅडेट कॉलेजची वाट असते. लेखी परीक्षा, मग निवड मंडळासमोर पाच दिवस, त्यातून निघालात तर देहरादूनला तीन वर्षं आणि त्यानंतर एक वर्ष इंडियन मिलिटरी अकादमी. युनिटमध्ये अशा मुलांची तयारी मी करून घ्यायचो. पुरात माणसं काढलेला पोरगा विचारलं की सांगायचा, "हुकुमाप्रमाणे काम केलं, साहेब." अरे, पण दोर कुठे बांधायचा हे कोणी ठरवलं? तर म्हणे, "मीच." मग ते सांग ना!

ज्यांच्या घरात आधी कोणी साहेब झालेलं नसतं, त्यांना 'मी' म्हणजे उद्धटपणा वाटतो. आपल्या घरांतून शिकवणही तीच असते. पण निवड करणाऱ्यासमोर फक्त कागद असतो. नम्रता त्याला दिसत नाही, रिकामा रकाना दिसतो.

तिला म्हटलं, फॉर्म ठेव बाजूला, चहा घे आणि सांग, गेल्या दोन वर्षांत अडलेलं काय होतं? तेव्हा निघालं की पेन्शनची 140 प्रकरणं तुंबली होती. तिने ती निवृत्तीच्या तारखेप्रमाणे लावली, विधवांची आधी घेतली. एका जुन्या बाबूंनी महिनाभर असहकार केला. त्यांच्यावर मेमो न काढता तिने त्यांनाच तपासणीचं काम दिलं. सात महिन्यांत नऊ प्रकरणं उरली, तीही कोर्टातली. एवढं सगळं 'सुरळीत' या एका शब्दात पुरलेलं होतं.

मग आम्ही लिहिलं: अडचण काय होती, मी काय ठरवलं, विरोध कोणी केला आणि मी तो कसा हाताळला, शेवटी आकडा काय आला. बाबूंचं श्रेय बाबूंना दिलं. काय चुकलं तेही एका ओळीत आलं. सुरुवातीला तिने कोणाला न विचारता कामाची वाटणी केली होती. ही ओळ तिला खोडायची होती, मी खोडू दिली नाही. स्वतःची चूक सांगू शकणारा माणूस मंडळाला खरा वाटतो, हा माझा अनुभव आहे.

आणखी एक काम अर्जाच्या आधीचं. आपला वार्षिक अहवाल वाचा. 2008 मध्ये देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. 2009 पासून केंद्र सरकारात पूर्ण अहवाल दाखवतात आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस देतात. तिने एका वर्षाचा अहवाल उघडूनही पाहिला नव्हता. दिव्यांग मित्रांनी 2016 च्या कायद्याचं कलम 20 वाचावं. केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून बढती नाकारता येत नाही.

राहिली साहेबांची शिफारस. शेवटच्या दिवशी मागायला जाऊ नका, फाइल 'बघतो' म्हणून पडून राहते. दहा दिवस आधी द्या आणि पोच घ्या, तारखेसकट. तिने तसंच केलं. साहेबांनी पेन्शनचा मजकूर दोनदा वाचला, 'नऊ की अकरा?' म्हणून विचारलं, रजिस्टर मागवून मोजले आणि सही केली. नऊच होते. निकाल अजून लागायचा आहे.