गाव पुराला तयार आहे का? उत्तर 'हो-नाही'त नाही, 'किती' यात आहे

पावसाळा तोंडावर आला की तयारीचा तक्ता भरला जातो. बोट आहे का? आहे. पोहणारी माणसं आहेत का? आहेत. सगळीकडं 'हो' लिहिलं की काम संपलं.

पण ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला (ता. पलूस) काय झालं, ते अजून लोक विसरले नाहीत. बोट होती. तीच उलटली आणि अनेकांचे जीव गेले. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसल्याचं तेव्हा समोर आलं. म्हणजे 'बोट आहे' एवढ्यावरून तयारी कळत नाही. ती मोजायची एक पद्धत म्हणजे फझी लॉजिक.

फझी लॉजिक म्हणजे काय?

कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक लोत्फी झादेह यांनी 1965 मध्ये ही कल्पना मांडली. साध्या गणितात 'नाही' म्हणजे 0 आणि 'हो' म्हणजे 1. फझीमध्ये मधले आकडेही चालतात. 'बरी आहे', 'जेमतेम आहे' हे आपलं रोजचं बोलणं इथं आकड्यात बसतं. जपानमधल्या सेंदाई शहरातली मेट्रो 1987 पासून याच तत्त्वावर धावली. कपडे किती, मळ किती हे बघून पाणी घेणाऱ्या वॉशिंग मशीनमध्येही हेच असतं.

गावाचा हिशेब कसा लागतो?

समजा, नदीकाठचं एक गाव आहे. बोट चालते, पण थोडी डागडुजी हवी. जाणकारांनी तिला 0.7 दिले. बचावकामाला शिकलेले 10 जण हवेत, आहेत 2. म्हणून माणसांना 0.2. जे उरतं ते कच्चेपण: बोटीचं 0.3, माणसांचं 0.8.

आता नियम तीन:

- बोट चांगली आणि माणसं तयार, तर क्षमता 'जास्त' (90 गुण)
- दोन्हीपैकी एकच चांगलं, तर 'मध्यम' (50 गुण)
- दोन्ही कच्चं, तर 'कमी' (10 गुण)

नियमात 'आणि' आलं की दोन आकड्यांतला लहान धरायचा. साखळीची ताकद कच्च्या कडीएवढीच, तसंच हे. त्यामुळं 'जास्त'ला 0.2 मिळतात. 'मध्यम'ला 0.7, कारण बोट 0.7 चांगली आणि माणसं 0.8 कच्ची. 'कमी'ला 0.3. प्रत्येक आकडा आपापल्या गुणांनी गुणून बेरीज केली आणि तिला 1.2 ने (तिन्ही आकड्यांची बेरीज) भागलं, की येतात सुमारे 47 गुण. तक्त्यात सगळं 'हो' असलेलं गाव निम्म्यावरही नाही!

पैसा कुठं घालायचा?

खरा उपयोग इथं आहे. याच गावानं नवी कोरी बोट आणली, तर गुण होतात 58. तीच जुनी बोट ठेवून शिकलेले 2 चे 7 केले, तर सुमारे 62. म्हणजे या गावानं आधी पोरं तयार करावीत.

एक मात्र लक्षात ठेवायचं. आकडे आणि नियम माणसंच ठरवतात. कागद चांगला दिसावा म्हणून बोटीला 0.7 ऐवजी 1 लिहिला, तर गणितही खोटंच उत्तर देणार. म्हणून गुण देताना पूर पाहिलेली जुनी माणसं, नावाडी आणि पाण्यात अडकलेल्या घरांतल्या बायाबापड्या सोबत हव्यात.

येत्या ग्रामसभेत 'बोट आहे का?' एवढंच विचारून थांबू नका. बोट किती चांगली, चालवणारे किती, लाइफ जॅकेट किती, हेही विचारा.