पिसवांशी लढाई तीन महिन्यांची

गणपतीला कोकणात गेलेलं कुटुंब दहा-बारा दिवसांनी पुण्या-मुंबईच्या घरी परततं. कुत्रा बरोबर नेलेला असतो किंवा कुणा ओळखीच्यांकडे ठेवलेला असतो. घराला इतके दिवस कुलूप. दार उघडून सामान आत घेईपर्यंत घोट्यांपाशी चावे जाणवू लागतात आणि पांढऱ्या पायमोज्यांवर तिळाहून लहान, तपकिरी ठिपके टुणकन उडताना दिसतात. घरात माणूस नव्हता, कुत्रा नव्हता, मग एवढ्या पिसवा आल्या कुठून आणि इतके दिवस जगल्या कशावर?

त्या कुठूनही आल्या नव्हत्या. त्या घरातच, सोफ्याखाली आणि पायपुसण्याच्या धाग्यांत, कोषात बसून होत्या. घरच्यांच्या पावलांचा दाब, अंगाची ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड मिळाल्यावर त्यांनी कोष फोडले. पिसवांचा बंदोबस्त का फसतो आणि तो कसा यशस्वी होतो, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर या कोषापाशी येऊन थांबतं.

अंगावर थोड्या, घरात फार

कुत्र्याच्या अंगावर सापडणारी पिसू जगभर बहुतेक वेळा टेनोसेफॅलिडीस फेलिस या जातीची, म्हणजे मांजराची पिसू असते. भारतातल्या कुत्र्यांवर तिच्या अगदी जवळची ओरिएंटिस ही जातही आढळते. कुत्रा आणि मांजर दोघांवरही या पिसवा सुखाने जगतात. त्यामुळे घरात दोन्ही प्राणी असतील आणि उपचार एकावरच केला, तर तो वाया जातो.

पिसू कुत्र्याच्या अंगावर चढली की काही मिनिटांत रक्त प्यायला लागते आणि एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते. भरात असलेली मादी दिवसाला 40 ते 50 अंडी घालते. उवांची लीख केसाला चिकटून बसते, पिसूचं अंडं तसं चिकटत नाही. अर्धा मिलिमीटर लांबीचं, गुळगुळीत, पांढरं अंडं काही तासांत खाली घरंगळतं. कुत्रा जिथे झोपतो, जिथे अंग झाडतो, तिथे सगळ्यात जास्त अंडी पडतात.

दोन ते दहा दिवसांत अंड्यातून अळी बाहेर येते. तिला पाय नसतात. उजेड टाळायचा आणि खाली सरकत जायचं, हा तिचा स्वभाव. गालिच्याच्या धाग्यांचं मूळ, फरश्यांच्या सांध्यांतली भेग, सोफ्याची खाच, गोधडीची शिवण अशा जागा ती गाठते. तिचं मुख्य अन्न म्हणजे प्रौढ पिसवांची विष्ठा. मादी रोज आपल्या वजनाच्या सुमारे 15 पट रक्त पिते आणि त्यातलं बरंचसं अर्धवट पचलेल्या रूपात बाहेर टाकते. वाळलेल्या रक्ताचे हे कण अंड्यांबरोबरच खाली पडत राहतात. पिल्लांच्या अन्नाची सोय आई वरूनच करून ठेवते.

पुरेशी वाढलेली अळी रेशमी धाग्याचा कोष विणते. हा कोष चिकट असतो. त्यावर धूळ, केस, वाळूचे कण बसतात आणि तो आसपासच्या कचऱ्यात दिसेनासा होतो. आत एक-दोन आठवड्यांत प्रौढ पिसू तयार होते, पण लगेच बाहेर पडत नाही. जवळपास प्राणी असल्याची खूण मिळेपर्यंत ती थांबते आणि हवा अनुकूल असेल तर चार-पाच महिनेसुद्धा थांबू शकते. सगळं जुळून आलं तर अंड्यापासून पिसूपर्यंतचा प्रवास दोन-तीन आठवड्यांत पुरा होतो. नाही आलं तर तो लांबतो, पण तुटत नाही.

घरातल्या पिसवांचा ढोबळ हिशेब असा मांडला जातो: साधारण 50 टक्के अंडी, 35 टक्के अळ्या, 10 टक्के कोष आणि केवळ 5 टक्के प्रौढ पिसवा. आपल्याला दिसतात, कुत्र्याला चावतात आणि ज्यांच्यासाठी आपण शाम्पू आणतो, त्या या 5 टक्क्यांतल्या. शिवाय एकदा अंगावर स्थिरावलेली पिसू सहसा आपणहून उतरत नाही. म्हणून कुत्र्यावर रोज नव्या पिसवा दिसत असतील, तर त्या बहुधा घरातल्या किंवा जिन्याखालच्या कोषांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या असतात.

परळचे गिनीपिग

पिसू रिकाम्या घरात वाट पाहते, हे विज्ञानाने मुंबईतच फार दुःखद परिस्थितीत पाहिलं आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग शिरला. उंदरांवरच्या पिसवा हा रोग पसरवतात, असं फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये मांडलं, पण तेव्हा ते फारसं कुणी स्वीकारलं नाही. पुढे परळच्या प्रयोगशाळेतले डॉ. ग्लेन लिस्टन आणि त्यांच्यानंतर प्लेग संशोधन आयोग यांनी प्लेगने ग्रासलेल्या घरांत गिनीपिग मोकळे सोडले. त्या घरांतले उंदीर मेले होते, माणसं घर सोडून गेली होती. तरीही त्या गिनीपिगांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा जमल्या आणि त्यांतल्या काही गिनीपिगांना प्लेगही झाला.

प्लेग पसरवणारी मुख्य पिसू उंदरावरची, झेनोप्सिला किओपिस. कुत्र्यावरच्या पिसवा प्लेग पसरवण्यात तितक्या पटाईत नाहीत, त्यामुळे पाळीव कुत्र्यावर पिसू दिसली म्हणून प्लेगची धास्ती घेऊ नये. पण शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या प्रयोगातला धडा आजही तसाच लागू आहे. प्राणी नाहीसा झाला तरी घर पिसवांपासून मोकळं होत नाही.

हवा कुणाला मानवते

पिसूच्या अळीला ओलावा लागतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली गेली की ती सुकून मरते आणि तापमान 35 अंशांच्या वर राहिलं तरी तिला जगणं जड जातं. 20 ते 30 अंश तापमान आणि 70-80 टक्के आर्द्रता तिला सगळ्यात मानवते. कोकण, मुंबई आणि घाटमाथ्यावर जून ते ऑक्टोबर हवा नेमकी अशीच असते. विदर्भातल्या मे महिन्यात गच्चीवर अळी टिकणार नाही. पण कूलर लावलेल्या खोलीत तापमान उतरतं आणि ओलावा वाढतो, म्हणजे अळीला हवं तेच मिळतं. म्हणून प्रतिबंधाचं औषध पावसाळ्यापुरतं देऊन थांबू नये. आपल्याकडे ते वर्षभर चालू ठेवणंच शहाणपणाचं.

खाज कशामुळे

काही कुत्र्यांना पिसूच्या लाळेची ॲलर्जी असते. अशा कुत्र्याला मोजके चावेही पुरतात. शेपटीच्या बुडापाशी, कमरेवर, मांड्यांच्या आतल्या बाजूला तो इतकं चाटतो आणि चावतो की केस जातात, कातडी लाल होते, जखमा चिघळतात. अनेकदा अंगावर एकही पिसू सापडत नाही, कारण चाटता चाटता त्याने ती गिळलेली असते. मग मालक म्हणतात, 'आमच्याकडे पिसवा नाहीतच.'

खात्री करण्याचा उपाय सोपा आहे. उवांसाठी वापरतात तशी बारीक दातांची फणी कुत्र्याच्या कमरेवरून फिरवा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर किंवा कापसावर टाका. कणाभोवती लालसर-तपकिरी डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे वाळलेलं रक्त. डाग पसरला नाही, तर ती साधी माती.

लहान पिल्लांसाठी धोका आणखी गंभीर आहे. सत्तरएक माद्या मिळून दिवसाला सुमारे 1 मिलिलिटर रक्त पितात. शेकडो पिसवा असलेलं, दीड-दोन किलोचं पिल्लू या रक्तक्षयाने दगावू शकतं. हिरड्या फिक्या दिसल्या, पिल्लू मलूल झालं, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावं. पिसवांमधून पट्टकृमीही येतो. पिसूची अळी या कृमीची अंडी खाते, तीच पुढे मोठी झालेली पिसू कुत्रा गिळतो आणि कृमी त्याच्या आतड्यात वाढतो. गुदद्वारापाशी किंवा अंथरुणात तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसले, तर ते त्याचेच. मुलांच्या तोंडात चुकून पिसू गेली, तर त्यांनाही हा कृमी होऊ शकतो. पिसवा तशाच ठेवून नुसतं जंताचं औषध दिलं, तर कृमी परत येतो.

कागदातून निघालेलं औषध

आजची चांगली औषधं दोन दिशांनी काम करतात. पहिल्या गटात फिप्रोनिलसारखी मानेवर टाकायची आणि आयसोक्झाझोलिन गटातली तोंडाने द्यायची औषधं येतात. कीटकांच्या मज्जासंस्थेत आवेग आवरणारी काही द्वारं असतात, ती ही औषधं बंद करतात. पिसूच्या नसा अनावर उत्तेजित होऊन ती मरते. सस्तन प्राण्यांच्या तशाच द्वारांना ही औषधं फार कमी चिकटतात, म्हणून योग्य मात्रेत कुत्र्याला ती चालतात. फिप्रोनिल त्वचेवरच्या तेलातून अंगभर पसरतं, म्हणून ते टाकण्याच्या दोन दिवस आधी आणि नंतर आंघोळ घालू नये. आयसोक्झाझोलिन रक्तातून पिसूला मिळतं. त्यातली काही औषधं महिनाभर, तर फ्लुरालेनर सुमारे 12 आठवडे काम करतं. कुत्र्याला पूर्वी फिट येऊन गेली असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगणं अत्यंत आवश्यक आहे.

दुसऱ्या गटातल्या औषधांची कहाणी 1960 च्या दशकातली, हार्वर्ड विद्यापीठातली. प्रागहून आलेले कारेल स्लामा तिथे कॅरोल विल्यम्स यांच्या प्रयोगशाळेत एका जातीचे लाल-काळे कीटक वाढवत होते. प्रागमध्ये छान वाढणारे हे कीटक हार्वर्डमध्ये प्रौढच होईनात. बालावस्थेत राहूनच ते मरत होते. शोध घेत घेत संशय आला बरणीत घातलेल्या कागदी टॉवेलवर. अमेरिकी वृत्तपत्रांचा कागद घातला तरी तोच परिणाम होई, लंडनच्या 'टाइम्स'च्या कागदाने मात्र काहीच होत नसे. अमेरिकी कागद ज्या बाल्सम फरच्या झाडापासून बनत होता, त्या झाडातच कीटकांच्या बाल्य-संप्रेरकासारखं द्रव्य होतं. या संप्रेरकाचं प्रमाण उतरल्याशिवाय कीटक मोठा होत नाही.

या समजेतून पुढे मेथोप्रिन आणि पायरिप्रॉक्सिफेन ही द्रव्यं पिसवांविरुद्ध वापरात आली. त्यांच्यामुळे अंडी उबत नाहीत आणि अळीची पिसू होत नाही. सस्तन प्राण्यांत हे संप्रेरकच नसतं, म्हणून घरात वापरायला ती तुलनेने सुरक्षित आहेत. काही मानेवर टाकायच्या औषधांत ती मिसळलेलीच असतात.

दुसऱ्या आठवड्यात हार मानू नका

औषध अंगावरच्या पिसवा मारतं. संप्रेरकाची नक्कल अंडी आणि अळ्या रोखते. कोषापर्यंत मात्र यांतलं जवळपास काहीच पोहोचत नाही. औषध दिलं त्या दिवशी घरात शेकडो कोष तयार असतात. पुढचे काही आठवडे त्यांतून पिसवा निघत राहतात, कुत्र्यावर चढतात आणि मालकाला दिसतात. 'औषध लागू पडलं नाही' म्हणून नेमक्या याच वेळी ते सोडलं जातं. खरं तर या दिवसांत औषध आपलं काम करत असतं. नवी पिसू अंगावर येते आणि अंडी घालण्याआधी मरते. नवी भर बंद होते आणि जुने कोष एकेक करून संपतात. याला दोन-तीन महिने लागतात, आणि तेवढा काळ ठरलेल्या तारखेला पुढची मात्रा गेलीच पाहिजे.

या काळात घरातलं काम रोजचं आहे. कुत्र्याचं अंथरूण आठवड्यातून एकदा कडक गरम पाण्यात धुवावं, गाद्या-गोधड्या कडक उन्हात घालाव्यात, सोफ्याखालून आणि कपाटामागून झाडावं. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तमच. 2007 मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठातल्या प्रयोगांत त्याने ओढून घेतलेल्या प्रौढ पिसवांपैकी 96 टक्के आणि अळ्या व कोष सगळेच मेले. शिवाय त्याच्या हादऱ्यांनी कोषातल्या पिसवा बाहेर निघतात आणि औषधाच्या टप्प्यात येतात.

काही उपाय मात्र कटाक्षाने टाळावेत. कुत्र्याच्या अंगाला रॉकेल, फिनेल किंवा शेतातलं कीटकनाशक लावणं म्हणजे विषबाधेला आमंत्रण. लसूण खायला घातल्याने पिसवा जात नाहीत, उलट लसूण-कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. कुत्र्यासाठीचं परमेथ्रिन मांजरावर टाकलं तर मांजर दगावू शकतं, कारण त्याच्या यकृताला ते निष्प्रभ करता येत नाही. अगदी कोवळ्या पिल्लांसाठी फणी आणि साबणाच्या पाण्याचं भांडं हाच सुरक्षित मार्ग. बाकी सगळ्यांसाठी औषध वय आणि वजन पाहून पशुवैद्यच ठरवतील.

आणखी एक काम एका घराच्या आवाक्याबाहेरचं आहे. सोसायटीच्या जिन्याखाली आणि गाड्यांच्या सावलीत झोपणारी कुत्री-मांजरं तिथेही अंडी सांडत असतात. त्यांना हुसकावून लावलं तर कोष मागे उरतात आणि पिसू पुढच्या प्राण्याची वाट पाहते. त्याऐवजी रहिवाशांनी वर्गणी काढून, प्राणीमित्रांच्या मदतीने आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांनाही औषध द्यावं, त्यांच्या झोपायच्या जागा झाडून घ्याव्यात. इमारतीतल्या सगळ्या प्राण्यांना एकाच वेळी औषध मिळालं आणि तीन महिने एकही मात्रा चुकली नाही, तर पिसवांचा तिथला वंश खुंटवणं आपल्या हातात आहे.