तारे, अ‍ॅक्सिऑन आणि ‘मर्यादा’

‘ताऱ्यांवरून अ‍ॅक्सिऑनवर मर्यादा’ ही बातमी वाचून काहींना वाटते, कण सापडला. काहींना वाटते, तो नसल्याचे सिद्ध झाले. दोन्ही समजुती बरोबर नाहीत.

अ‍ॅक्सिऑनसदृश कण (अजून केवळ सिद्धान्तात असलेले, प्रकाशाशी अतिशय क्षीण संबंध ठेवणारे कण) खरेच असतील, तर ताऱ्याच्या तप्त गाभ्यात अणुकेंद्रकांच्या विद्युतक्षेत्रात काही फोटॉन (प्रकाशकण) त्यांत बदलतील आणि ऊर्जा घेऊन थेट बाहेर निसटतील. घरचा गॅस सिलिंडर नेहमीइतके दिवस पुरला, तर मोठी गळती नव्हती एवढे नक्की म्हणता येते. बारीक गळतीबद्दल मात्र नाही.

ताऱ्यांचा हिशेबही असाच, आणि तो फार देखणा आहे. गोलाकार तारकागुच्छांत (लाखो जुन्या ताऱ्यांचे दाट पुंजके) तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या तुलनेत, गाभ्यात हेलियम जाळणारे तारे किती, हे मोजतात. ऊर्जा गळत असती तर हेलियम लवकर संपून असे तारे कमी दिसले असते. २०१४ मध्ये ३९ गुच्छांतील मोजणीवरून या कणांच्या प्रकाशाशी असलेल्या जोडणीची कमाल पातळी ठरवली गेली. तिच्याखाली कणांना वाव आहेच. शिवाय फार जड कणांना ही मर्यादा लागू होत नाही, कारण सुमारे दहा कोटी अंश तापलेल्या गाभ्यातही ते पुरेशा संख्येने घडत नाहीत.