वाटेंत मोटारीचें चाक बसल्यास

वाशीमहून मालेगांव, पातूर करीत अकोल्यास जावें, अथवा उलट दिशेनें हिंगोलीची वाट धरावी. डांबर संपलें कीं दोहों बाजूंस काळी जमीन लागते. ही माती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते व मऊ पडते. अशा मातीवर टेकलेला जॅक मोटारीचा भार येतांच खचतो, आणि अधांतरीं उचललेली गाडी कलंडते. म्हणून चाक बदलण्याच्या विद्येचा पहिला धडा जागेची निवड हा होय.

हवा गेल्याचें जाणवतांच एकदम ब्रेक दाबूं नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनीं घट्ट धरावें, वेग आपोआप ओसरूं द्यावा, आणि वळण व उतार टाळून सपाट, कठीण जागीं डाव्या कडेस थांबावें. त्यापायीं टायर फाटला तरी चालेल; माणूस वांचणें अधिक महत्त्वाचें.

वाशीम जिल्ह्यांतून जाणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धि महामार्गावर तर ही सावधगिरी दुप्पट हवी. तेथें मोटारींस ताशीं १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. म्हणजे मागून येणारी गाडी एका सेकंदांत सुमारें ३३ मीटर अंतर तोडते. पन्नास मीटरांवर ठेवलेला लाल त्रिकोण तिच्या चालकाला जेमतेम दीड सेकंदाचा अवसर देतो. म्हणून तो शक्य तितका मागें ठेवावा, चारही इशारादिवे लावावेत, आणि मुलाबाळांसह सर्वांनीं कठड्यापलीकडे उभें राहावें. वाहनें अगदीं अंगाजवळून जात असतील, तर स्वतः चाक न बदलतां ११२ क्रमांकावर मदत मागावी.

जादा चाकास आपल्याकडे स्टेपनी म्हणतात. वेल्समधील लानेली गांवीं स्टेपनी नांवाच्या रस्त्यावर डेव्हिस बंधूंनीं १९०४ सालीं असें चाक तयार केलें. रस्त्याचें तें नांव आपल्या खेडोपाडींच्या पंक्चरवाल्यांच्या तोंडीं आजही आहे.

आतां प्रत्यक्ष कृति. हातब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्यें ठेवावी, व बसलेल्या चाकाच्या तिरकस समोरील चाकाला पुढूनमागून दगड लावावे. चाक जमिनीवर असतांनाच नट घड्याळाच्या कांट्याच्या उलट दिशेनें थोडे सैल करावेत. चाक उचलल्यावर जोर लावल्यास तें फिरूं लागतें आणि गाडी जॅकवरून ढळण्याचें भय असतें. जॅक पुस्तिकेंत दाखविलेल्या जागींच लावावा. माती मऊ असल्यास त्याखालीं जाड, रुंद फळी घ्यावी. उचललेल्या गाडीखालीं कोणीही हात किंवा डोकें घालूं नये. जादा चाक गाडीच्या कडेखालीं आडवें सरकवून ठेवावें, म्हणजे जॅक घसरला तरी गाडी त्यावर अडते. जुनें चाक निघाल्यावर तें त्या जागीं सरकवावें व नवें बसवावें.

नट प्रथम हातानें फिरवावेत, निमुळती बाजू आंत ठेवून. नंतर गाडी खालीं उतरवावी आणि ते समोरासमोरच्या क्रमानें आवळावेत. ओळीनें आवळल्यास चाक वांकडें बसतें. कांहीं किलोमीटर गेल्यावर ते पुन्हा तपासावेत. जादा चाक आकारानें लहान असल्यास त्यावर लिहिलेली वेगमर्यादा, बहुधा ताशीं ८० किलोमीटर, पाळावी.

हें सारें ज्ञान असूनही स्टेपनींतच हवा नसेल तर सर्व श्रम वायां जातात. तेव्हां महिन्यांतून एकदां तिची हवा पाहावी, फळी डिकींत टाकून ठेवावी, आणि एखाद्या रविवारीं घरच्या अंगणांत ही कृति घरांतल्या प्रत्येक चालकानें एकदां करून पाहावी.